पानमळ्यात बूट

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. बी.कॉम. झाले तेव्हा बाबांनी आमच्या उमेळे गावात भेटेल त्याला ते सांगितलं, समोरच्याने विचारलं असो वा नसो. तेव्हापासून घरात इंग्रजी अक्षर असलेली प्रत्येक वस्तू माझ्यासमोर यायला लागली. औषधाची बाटली, मिक्सरची खोकी, कोणीतरी आखातातून आणलेला साबण. मला त्याचा कंटाळा कधीच आला नाही. उलट मला सोडून दुसऱ्या कोणाला विचारलं तर राग यायचा.

काका झाडं उतरवायची कामं घ्यायचे. कुऱ्हाड, कोयता, दोर आणि हातकरवत एवढ्यावर त्यांचं चालायचं. पण झाडांनी भरलेल्या वाड्यांच्या जागी इमारती उठायला लागल्या, आणि कामाला बोलावणारे आधी विचारायचे, मशीन आहे का. म्हणून काकांनी मुंबईहून जुनं चेनसॉ आणलं. पेट्रोलवर चालणारं, साखळीवर दात असलेलं करवतीचं मशीन. सोबत तेलकट पुस्तिका होती, सगळी इंग्रजीत. काकांनी मशीन ओट्यावर ठेवलं आणि पुस्तिका माझ्या हातात दिली.

"वाच बाय. कुठे पेट्रोल टाकायचं तेवढं सांग."

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पेट्रोलचं पान बरंच पुढे होतं. त्याआधी सगळी पानं माणूस कसा कापला जाऊ शकतो याची होती. मशीन उसळून तोंडावर येऊ शकतं. खांद्याच्या वर नेऊ नये. शिडीवर चढून चालवू नये. हेल्मेट, चष्मा, कानाला काहीतरी, हातमोजे, जाड विजार आणि लोखंडी टोकाचे बूट घातल्याशिवाय मशीन चालू करायची दोरी ओढूच नये. मी हे सगळं मोठ्याने वाचलं आणि वर सांगितलं की यातलं एकही कमी असेल तर मशीन चालू होणार नाही. पुस्तिकेत तसं नव्हतं, पण ओट्यावर माझा शब्द शेवटचा होता.

पहिलं काम घरातच निघालं. आदल्या रात्रीच्या वाऱ्यात काकीच्या पानमळ्यातली जांभळीची फांदी बेचक्यात फाटली आणि अर्धवट लोंबकळायला लागली. खाली ओळींनी पानवेली उभ्या होत्या, आधाराच्या काठ्यांवर चढलेल्या, चांगल्या पानांनी भरलेल्या. फांदी आपली आपण पडली असती तर मळ्याचा मधला भाग गेलाच असता. तो मळा काकीचा. लावणी, पाणी, खुडणी सगळं तिचं. ती सकाळपासून फांदीकडे बघत उभी होती, जणू नजर हलवली तर ती पडेल.

फांदीचा फाटा छातीच्या उंचीवर होता, म्हणजे पुस्तिकेप्रमाणे जमिनीवर उभं राहून कापता येत होता. फक्त उभं राहायची जागा मळ्याच्या आत होती.

काका तयार होऊन आले. डोक्याला गावातल्या क्रिकेटवाल्या पोरांचं जाळीचं हेल्मेट, डोळ्यांना वेल्डरचा काळा चष्मा, कानात कापूस, पायांना बॅटिंगचे पॅड. पॅड ही माझीच युक्ती. साखळीसमोर ते पापडासारखे आहेत हे मला पुढे कळलं. पण बूट खरे होते, कारखान्यात जाणाऱ्या शेजाऱ्याचे, लोखंडी टोकाचे.

काकी मळ्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली.

"पायतान भायेर."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पानमळ्यात कोणी चप्पल घालून जात नाही. देवळासारखंच. पाहुणे असोत, व्यापारी असो, पायतण बांधावर काढायचं. नाहीतर वेल रुसते.

"काकी, हे पायतण नाही. सुरक्षेचं साधन आहे," मी म्हटलं.

"पायात घालतात ना?"

"हो."

"मग झालं."

"अनवाणी चालवलं आणि मशीन पायावर आलं तर?"

"तर पाय मागे घ्यायचा. आजवर कुऱ्हाडीला काय करत होते?"

काका जाळीतून काहीतरी बोलले. कानात कापूस असल्यामुळे ते स्वतःला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलत होते. "मी काढतो बूट, भांडू नका."

"काढायचे नाहीत," मी म्हटलं. तेवढ्यात फांदी करकरली आणि आम्ही सगळ्यांनी वर बघितलं.

मग मी काकीला पदवीधराला शोभेल असा प्रश्न विचारला. बूट मळ्यात आलेले चालत नाहीत, की मातीला लागलेले चालत नाहीत? काकीने विचार केला. वीसेक पिढ्यांत हे कोणी विचारलं नसावं.

"मातीला लागता कामा नये," ती शेवटी म्हणाली.

झालं. गोठ्याचं जुनं दार काढून जांभळीखाली दोन ओळींच्या मधल्या वाटेत टाकलं. ते डुगडुगत होतं. पाया पक्का हवा असं पुस्तिकेत होतं, म्हणून मी अनवाणी आत जाऊन विटांचे तुकडे ठोकून घेतले. मग काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, मशीन मांडीवर दिलं, आणि बाबांनी आणि मदतीला आलेल्या काकीच्या भावाने खुर्ची उचलली. दोघे अनवाणी. काका पाय ताठ पुढे धरून, बूट हवेत.

"वरात चाललीय," बाबा म्हणाले.

"नवरदेव जड आहे," काकीचा भाऊ म्हणाला. "बहिणीला तेव्हाच सांगितलं होतं."

"गप चला. वेली बघा," काकी म्हणाली. ती पुढे चालत एकेक वेल हाताने बाजूला धरत होती.

काकांना दारावर उतरवलं. फांदीला दोर आधीच बांधला होता, वरच्या शाबूत फांदीवरून घेऊन, म्हणजे तुटली की बांधाकडे झुलेल. बाबा आणि काकीचा भाऊ बाहेर जाऊन दोर धरून बसले. काकांनी मशीन दारावर ठेवलं, मागच्या मुठीत बुटाचं टोक घातलं आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. मशीन खोकलं. मी बांधावरून ओरडले, "चोक." काकांना ऐकू गेलं नाही. मी हातवारे केले. त्यांना वाटलं मी निरोप देतेय, त्यांनीही हात हलवला. शेवटी काकीने कुऱ्हाडीच्या दांड्याने चोकचा खटका दाखवला, काकांनी तो ओढला आणि मशीन असं गरजलं की शेजारच्या वाडीतल्या कोंबड्या कौलांवर चढल्या.

कापणं मात्र सुंदर झालं. ते काकांचं काम होतं, माझ्या पुस्तिकेचं नव्हे. आधी खालून थोडं, मग वरून. फांदी सुटली, दोरावर झुलली, वेलींच्या शेंड्यांवरून गेली आणि बांधावर पसरली. काकी ओळीओळीतून फिरून आली. एकही पान फाटलेलं नव्हतं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि भुसा गेला म्हणाली.

काका मशीन बंद करून हेल्मेटला हात घालणार तोच मी खुणावलं, बाहेर पडेपर्यंत हेल्मेट काढायचं नाही. तेही छापलेलं होतं. त्यांनी मान डोलावली आणि खुर्चीत बसले. या खेपेला नवरदेव खुशीत होता. बांधावर जमलेल्या शेजाऱ्यांकडे बघून त्यांनी दोन्ही हात जोडले, मान वाकवली, आणि हेल्मेटच्या जाळीत एक वेल अडकली. उचलणाऱ्यांना कळलं नाही. बांधावर खुर्ची टेकली तेव्हा काकांच्या डोक्यामागून काठीसकट, मुळासकट, भरगच्च पानांची अख्खी वेल फरफटत आली होती.

काकीने जाळीतून वेल सोडवली, माती झटकली, आणि काकांच्या एका कानातला कापूस काढला, ऐकू जावं म्हणून.

"पुढच्या टायमाला," ती म्हणाली, "डोकं पन भायेर ठेवून या."