आधी लाल, मग हिरवं

दोन हजार चारच्या सुमाराला मी चंडीगडच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. डेराबस्सीच्या एका औषध कारखान्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. माझी पद्धत ठरलेली होती. आधी चाचणी, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा, ती नापास होताना बघायची आणि मगच ती पास होण्यापुरता कोड लिहायचा. आमचे साहेब यावर वैतागायचे. "मॅडमजी, जो बनाया ही नहीं, उसको टेस्ट क्या करना?" मी ऐकून घ्यायचे आणि माझंच खरं करायचे.

एकदा मला न सांगताच ते कारखान्याच्या क्वालिटी मॅनेजरना माझ्या टेबलाशी घेऊन आले. मुदत संपलेलं औषध बाहेर जाऊ नये यासाठीच्या चाचण्या मी नुकत्याच लिहिल्या होत्या. कोड अजून व्हायचा होता, त्यामुळे पडद्यावर सगळ्या ओळी लाल, म्हणजे नापास. साहेबांचा चेहरा पडला. "जी, ये अभी कच्चा है."

मॅनेजर मात्र खुर्ची ओढून बसले आणि एकेक ओळ वाचत गेले. मग म्हणाले, "गोली कितनी देर में घुलनी चाहिए, ये हम भी बनाने से पहले लिखते हैं. बाद में लिखेंगे तो जैसी बनी, वैसी ही ठीक लगेगी."

मी कोड लिहिला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळी हिरव्या झाल्या.

पुढे नवीन प्रोग्रॅमर आला की साहेबच त्याला बजावायचे, "पहले फेल करके दिखाओ." अगदी स्वतःचाच शोध असल्यासारखे. मी कधी टोकलं नाही. माझ्या चाचण्यांसारखेच साहेबही आधी नापास, मग पास झाले होते; मला तेवढंच हवं होतं.