शेऱ्याच्या रकान्यात 'निर्दोष'

मुलांबरोबर पाहायचा प्रत्येक चित्रपट हेमराज देवरे आधी एकट्याने पाहून घेत असे. जळगावातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो सहायक होता. नवे पुस्तक दाखल करून घेताना ते पानोपान तपासण्याची सवय त्याने घरापर्यंत आणली होती. दुपारच्या सुटीत, नियतकालिकांच्या कपाटामागे बसून, कानांत इअरफोन घालून तो मोबाइलवर चित्रपट पाही आणि एका वहीत नोंदी करी: कितव्या मिनिटाला दारू, कितव्या मिनिटाला शिवी, कोठे रक्त, कोणती मिठी नको इतकी लांबते. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात 'निर्दोष' असे लिहिले गेले की चित्रपट घरात येई आणि पुष्कळदा इमारतीतही पसरे.

"हेमराजभाऊ, पलकला दाखवू ना हा? तुम्ही पास केला का?" वरच्या मजल्यावरच्या राजकुंवरभाभी जिन्यात अडवून विचारीत.

"दारावर सेन्सॉरची पाटीच लावून टाका आता," त्याची पत्नी नूतन म्हणे. त्याला ती थट्टा प्रशस्तीसारखी वाटे.

मे महिन्यात त्याची आई धुरपदाबाई दोंडाईच्याजवळच्या गावाहून महिनाभरासाठी आली. दुपारी खिडक्यांना ओली चादर लावून कूलर सुरू झाला की नऊ वर्षांची भाविका आणि सहा वर्षांचा ललित तिच्या दोन्ही बाजूंना आडवे होत, आणि ती अहिराणीत गोष्टी सांगू लागे. मुलांना निम्मे कळत नसे. मुले तिला थांबवून अर्थ विचारीत. मग ती कोल्हा होऊन ओरडून दाखवी, सुगरणीचे घरटे बोटांनी विणून दाखवी. हेमराज रविवारी हे दारातून पाही आणि सुखावे. त्याने स्वतः मात्र घरात कधी अहिराणीचा शब्द उच्चारला नव्हता. आईचा फोन आला की तो गॅलरीत जाऊन बोलत असे. धुळ्याला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी तो उत्तर द्यायला उभा राहिला होता आणि सगळा वर्ग हसला होता. त्यानंतर सहा महिन्यांत त्याने आपली भाषा धुऊन काढली. त्या धुण्याला तो शिस्त म्हणत असे.

त्या रविवारी त्याने निवडलेल्या चित्रपटात आटलेले तळे सोडून पाण्याच्या शोधात निघालेले प्राणी होते. पाडस, हत्ती, कासव, सगळे पुस्तकी मराठी बोलत. एकटी म्हातारी शेळी अहिराणी बोले. वाट चुकवणे, पडणे आणि हसे करून घेणे एवढेच तिचे काम. वहीत नोंद होती: 'दारू नाही. शिवी नाही. शेळीचे विनोद उत्तम. निर्दोष.' तपासताना तो इतक्या मोठ्याने हसला होता की वाचनकक्षातले दोन विद्यार्थी मान वर करून पाहू लागले होते.

पलकही पाहायला खाली आली होती. शेळीने तोंड उघडले तशी धुरपदाबाई पुढे सरसावली.

"आय व माय! नूतन, ही ते आपलीच बोली शे नं!" तिचा चेहरा उजळला होता. टीव्हीतून कोणी तिच्यासारखे बोलताना तिने आजवर ऐकले नव्हते.

"बठ्ठा मन्हा मांगे या रे!" सगळ्यांना आपल्या मागे बोलावत शेळी म्हणाली आणि स्वतःच शेणाच्या खड्ड्यात गेली. ढोल वाजला. मुले लोळू लागली.

"आजी, ही तुझ्यासारखी बोलते!" ललित ओरडला.

"आजी, तुम्ही म्हणा ना ते! प्लीज!" पलकने गळ घातली.

"म्हनू का?" धुरपदाबाई हसली. "बठ्ठा मन्हा मांगे या रे!"

पोरे टाळ्या पिटू लागली. पुन्हा म्हणायला लावले, तिने पुन्हा म्हटले. या खेपेस पडल्यासारखे करूनही दाखवले. तिसऱ्यांदा आग्रह झाला तेव्हा तिने मुलाकडे पाहिले. हेमराज हसत होता. सौजन्याचे ते हसू नव्हते, डोळ्यांत पाणी आणणारे होते. ते आवरता आवरले नाही आणि तिने ते पाहिले.

"बस आते," ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली. चित्रपट संपेपर्यंत ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमराज दाढी करीत होता. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला: "भाविका, तुला दूध... पाहिजे आहे का?" मधल्या थांब्यात ती शब्द शोधत होती. पहिल्या वर्षी, वसतिगृहाच्या आरशासमोर, तो स्वतः नेमका असाच थांबत असे. त्याचा हात गालावरच राहिला.

दुपारी ललितने गोष्ट मागितली. "शाळेच्या पुस्तकातली वाच," ती म्हणाली. मंगळवारीही तेच. बुधवारी रात्री नूतन म्हणाली, "आई शुक्रवारची गाडी विचारत होत्या. अजून अठरा दिवस राहायच्या होत्या ना?"

"उन्हाचा त्रास होत असेल," तो म्हणाला.

"ऊन दोंडाईच्याला कमी आहे का?" नूतनने विचारले.

गुरुवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आई पलंगावर बसून पिशवी आवरत होती. मुले जमिनीवर रंग भरत होती. गॅलरीत बोलावून चार शब्द बोलणे सोपे होते. पण हसणे सर्वांसमोर झाले होते. त्याने घसा साफ केला.

"माय, मन्हं चुकनं," तो म्हणाला. "जाऊ नको. पोरेसले कोल्हानी गोट सांग ना."

वीस वर्षांत भिंतींच्या आत न वापरलेली भाषा त्याच्या तोंडून परक्यासारखी, अडखळत बाहेर आली. ललितने खडू टाकून वर पाहिले आणि खिदळला.

"पप्पा शेळी झाले! ताई, पप्पा शेळी झाले!"

भाविकाने तोंडावर हात दाबला, तरी हसू बोटांमधून सांडलेच. हेमराजचे कान तापले. मुलांना दटावावे असे त्याला वाटले. पण हे हसू त्याने स्वतः तपासून घरात आणले होते.

धुरपदाबाईने आधी नातवंडांकडे पाहिले, मग त्याच्याकडे. मुलांसमोर त्याचे आणखी हसे होऊ नये एवढीच काळजी तिच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"तुझं काहीही चुकलेलं नाही," ती सावकाश, एकेक शब्द तोलून म्हणाली. "तू कामावर जा."

आणि घडी केलेले लुगडे तिने पिशवीत ठेवले.