बापाचं वय चारशे

बीजगणिताचं वेगळं पुस्तक तेव्हा आठवीत हातात यायचं. यावलच्या शाळेत लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि आपण सातवीच्या हुशार पोरांसाठी जादा वर्ग काढावा, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. हेडसर नाही म्हणाले नाहीत. आधी चाचणी घ्या, पंधरा पोरं निघाली तर दिवाळीनंतर रोज सकाळी शाळेआधी वर्ग भरवा, नाहीतर हा विषय परत काढायचा नाही, एवढंच म्हणाले.

गणिताचे दुसरे शिक्षक वयाने मोठे, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी माझा आराखडा चाळला आणि चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "सातवीतच क्ष दाखवला, तर आठवीत मंग काय दाखवशीन, भाऊ?" शिक्षकखोली हसली. मीही हसलो, पण आता पंधरा पोरं निघायलाच हवी होती.

आराखडा पहिल्याच पाठावर अडला. जे माहीत नाही त्याला नाव द्यायचं, हे बारा वर्षांच्या पोराला सांगायचं कसं? दिवाळीच्या आधी गावी धुळ्याकडे गेलो, तर वडील बैल घ्यायला निघालेले. बाजारात वडिलांनी आणि व्यापाऱ्याने हातात हात घालून वरून रुमाल टाकला. रुमालाखाली बोटं दाबली जात होती, वर दोघांचेही चेहरे दगडासारखे. भाव काय चाललाय, ते भोवतीच्या माणसांना कळत नव्हतं. घरी येताना मी विचारलं, तर वडील म्हणाले, "बठ्ठा सौदा बोटेसमा शे." सगळा सौदा बोटांतच; चार बोटं म्हणजे चारशे की चार हजार, ते बैलाकडे पाहून समजायचं.

मला तिथेच क्ष सापडला. रुमालाखाली आकडा आहे, तो दिसत नाही, पण आहे. बाजूच्या बोलण्यावरून तो काढायचा. परतल्यावर चाचणीआधीच्या आठवड्यात मी सातवीवर हा पाठ करून पाहिला. दोन पोरं समोर घेतली, माझा रुमाल त्यांच्या हातांवर टाकला. एकाने सांगायचं, माझ्या आकड्याची दुप्पट केली आणि त्यात तीन मिळवले तर अकरा होतात; वर्गाने आकडा ओळखायचा. पोरं खूश. मधल्या सुट्टीतही रुमालाखाली हात जाऊ लागले. मला वाटलं, बीजगणित अंगात मुरतंय.

चाचणीला सोळाजण बसले. त्या सकाळी थंडी होती. सगळी पोरं रुमाल गुंडाळूनच आली. मी टेबलाशी बसून होतो. बाकांवर शेजारी शेजारी रुमाल सैल होऊन हातांवर उतरत गेले. मला दिसत होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शेवटचं गणित सर्वांत जास्त गुणांचं होतं. बापाचं वय मुलाच्या चौपट, दोघांची बेरीज पन्नास, तर बापाचं वय किती? उत्तर चाळीस. तपासायला घेतलं, तर सहा पेपरांत बापाचं वय चार वर्षं. दोन पेपरांत चारशे. गणित एकाच पोराने सोडवलं होतं, त्याने शेजाऱ्याची चार बोटं दाबली आणि ती बोटं बाकावरून बाकावर फिरली. बैल समोर नव्हता, म्हणून ज्याला जसा सुचला तसा त्याने भाव लावला.

तशीच तपासली असती तर सातच पोरं निघत होती. मी निळं पेन घेतलं. चारापुढे शून्य काढलं, चारशेतलं एक शून्य खोडलं. शून्य काढायला किती वेळ लागतो? पंधरा झाली.

एक पेपर उरला. शेवटच्या बाकावर एकटी बसणारी मुलगी, लांबच्या खेड्यातून एस.टी.ने यायची. पोरांच्या रुमालाखाली तिचा हात जाणं शक्यच नव्हतं. क्ष अधिक चार क्ष बरोबर पन्नास, अशी सगळी मांडणी तिच्याच पेपरात होती. क्ष दहा आला आणि दहालाच रेघ मारून ती मोकळी झाली. ते मुलाचं वय; बापाचं काढायचं राहून गेलं. आराखड्यात मीच लिहिलं होतं की गुण फक्त उत्तराला, कारण तपासायला सोपं. तिच्या दहाचे चाळीस मला करता आले असते. पण ती लबाडी होईल असं वाटलं. शून्यांची लबाडी वाटली नव्हती.

यादी लागली. ती माझ्याकडे आली, आपलं कुठे चुकलं ते तिने विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, "बाकीच्यांनी बापाचं काढलं का, सर?"

"काढलं," मी म्हणालो.

वर्ग सुरू झाला. पंधरापैकी चौदांना काही येत नव्हतं, त्यामुळे मी मुळापासून सुरुवात केली. तिची एस.टी. लवकर पोचायची. शाळा भरेपर्यंत ती ओसरीवर, माझ्या खिडकीखाली, दप्तर मांडीवर घेऊन बसायची. ते मला कळलं आणि मी मोठ्याने शिकवू लागलो. इतक्या मोठ्याने, की एकदा नानांनी डोकावून विचारलं, "बीजगणित शिकवू राह्यला का केयीचा लिलाव करू राह्यला, भाऊ?" मी म्हटलं, केळीचा लिलाव नाही, मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही. तिला आत बोलावलं असतं, तर का बोलावलं हे हेडसरांना सांगावं लागलं असतं. मग शून्यंही सांगावी लागली असती.

जानेवारीत एकदा मी फळ्यावर सात उचलून बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले आणि चिन्ह बदलायला विसरलो. पोरं मुकाट उतरवून घेत होती. खिडकीतून आवाज आला, "सर, ते वजा व्हायला पाहिजे ना?"

पंधरा माना वळल्या. ती गजांना धरून उभी होती, डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली. पहिल्या बाकावरचा एकजण न सांगता सरकला, तिच्यापुरती जागा झाली. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

मी फळा पुसला. वजा केलं. तिच्याकडे न पाहता "बरोबर आहे" म्हणालो आणि पुढचं गणित सांगायला घेतलं, ओसरीपर्यंत ऐकू जाईल असं.