शिरूर-यवत गाडीतल्या पासवाल्या

दिवसभर पिशवीत साठलेली चिल्लर संध्याकाळी डेपोत भरली, की कंडक्टरचा खांदा हलका होतो. डोक्यात साठलेले किस्से मात्र कुठं भरायचे? ते घरी येतात. जेवता जेवता एखादा आठवतो आणि बायको विचारते, "एकटेच काय हसताय?"

माझ्याकडचा बराचसा साठा पासवाल्या पोरींचा. नव्वदच्या दशकात सरकारनं गावाबाहेर शाळेला जाणाऱ्या मुलींना एस.टी.चा प्रवास फुकट केला. तेव्हा मी आणि ड्रायव्हर बबनराव सकाळच्या शिरूर-यवत गाडीवर होतो. शिरूर तालुक्यातून निघायचं, भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरायचं, चौफुला, भांडगाव करत यवत. यवतच्या हायस्कूलच्या पोरींनी गाडी नुसती किलबिलायची!

*

नदीच्या अलीकडं, शिरूरच्या हद्दीत, धोंडीबाची वस्ती होती. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. उतारवयात नदीकाठी कांदा लावून स्थिर झालेला. त्याची मंगल सातवी पास झाली, तसा तो एक दिवस गाडीत चढला आणि म्हणाला, "मास्तर, यवतची शाळा बघायची हाय. तुमी चला संगं. मला बोलाया जमत न्हाई."

यवतला आमची गाडी थोडा वेळ थांबायची. गेलो. हेडमास्तरांनी प्रयोगशाळा दाखवली, ढाली दाखवल्या, निकालाचा फळा दाखवला. धोंडीबा नुसता मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "पोरींचं संडास कुठं हाय?"

हेडमास्तर गोंधळले, पण घेऊन गेले. धोंडीबा आत शिरला. दार लावलं. आतून कडी खडखडली. एकदा, दोनदा. मग बाहेर येऊन म्हणाला, "कडी आतनं लागतीया. घाला पोरीचं नाव!"

*

शाळा मिळाली, पास अडला. पासाच्या खिडकीतले साहेब माणूस चांगले, पण नियमाला पक्के. म्हणाले, "अहो, तुमच्या तालुक्यात हायस्कूल असताना पोरगी दुसऱ्या तालुक्यात कशाला? पास जवळच्या शाळेचा मिळतो."

बोलायला जमत नाही म्हणणारा धोंडीबा खिडकीला दोन्ही हात लावून उभा राहिला. "सायेब, मेंढरं घिऊन आमी कोकणापत्तुर हिंडलो. मेंढराला कुनी तालुका इचारला न्हाई. आन् पोरगी शाळंला निघाली की तालुका आडवा आला व्हय?"

रांगेतली माणसं हसली. साहेबही हसले आणि कागद घेऊन आत मोठ्या साहेबांकडं गेले. बाहेर आले ते शिक्का मारूनच!

*

पहिल्या दिवशी मंगलला गाडीत बसवायला तिची आजी आली. मी पास पाहिला आणि पुढं सरकलो, तर म्हातारीनं माझी बाही धरली. "तिकीट फाड."

"आजी, हिला तिकीट नाही. फुकट आहे."

"फुकट नगं! फुकट न्हेल्याली पोर फुकट जाती!"

"अहो, हिचे पैसे सरकार भरतंय."

"सरकार कोन लागतंय आमचं?"

मागं लोक खोळंबलेले. तेवढ्यात बबनराव स्टिअरिंगवरून ओरडले, "मामा लागतंय, आज्जे! भाचीला न्हेतंय!"

म्हातारीनं क्षणभर विचार केला. बाही सोडली आणि मला म्हणाली, "मग मामाला म्हनावं, सांजच्याला माघारी बी आनून सोड."

*

भांडगावचे आबा म्हणजे मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. त्यांची सुवर्णा मंगलच्याच वर्गात. आबांचा हुकूम होता, "चेअरमनची पोरगी सरकारी पासावर जाणार न्हाई!" त्यामुळं सुवर्णा जीपमधून शाळेला. आमच्या गाडीत पोरी दंगा करायच्या, एकमेकींच्या डब्यातलं खायच्या, आणि ही मागून जीपमध्ये एकटी बसून आमच्या मागच्या काचेकडं बघत यायची. मला वाईट वाटायचं.

एक दिवस जीप बंद पडली. आबा आणि सुवर्णा दोघं स्टॉपवर. आबा ऐटीत चढले, खिशात हात घातला. "दोन यवत द्या."

"एकच द्या, मामा," सुवर्णा म्हणाली. दप्तरातून पास काढून तिनं माझ्यापुढं धरला. फोटोसकट, शिक्क्यासकट! आईला हाताशी धरून तिनं तो कधीच काढून ठेवला होता.

सगळी गाडी आबांकडं बघायला लागली. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "असू दे. चेअरमनची पोरगी हाय, पुढचा इचार करनारच!"

दुसऱ्या दिवसापासून जीप घरी.

*

त्याच पासांच्या फोटोंनी एकदा तिकीट चेकर हैराण झाले. चौफुल्याला चढले आणि एकेक पास बघत निघाले. तिसऱ्या पासाला थबकले, परत पहिला मागितला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "या सगळ्या एकाच घरातल्या काय हो? सगळ्यांच्या कानात तेच झुबे!"

मी बघतो तर खरंच! यवतच्या स्टुडिओत या ओळीनं फोटो काढायला बसल्या होत्या. बहुतेकींचा जन्मातला पहिला फोटो. मोकळ्या कानानं कोण काढणार?

मंगल उठली. "घरं येगळी हायती, सायेब. झुबं तेवढं सुवर्णाच्या घरचं!"

चेकर इतके हसले, की उरलेले पास बघायचे राहिले.

*

आणि मग ती दहावीची परीक्षा. इतिहासाच्या पेपरचा दिवस. आम्ही वस्तीच्या स्टॉपवर आलो, तर मंगल नाही. बबनरावांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला. कोणी येईना.

आणि बबनरावांनी इंजिन बंद केलं!

आमची ती गाडी एकदा बंद झाली की धक्का मारल्याशिवाय चालू होत नसे. बबनराव म्हणाले, "जा, बघून या. तोवर गाडी हलत न्हाई."

वस्ती रस्त्याला लागूनच. गेलो तर अंगणात घोंगडी अंथरलेली, पाहुणे पोहे खात बसलेले. सुप्याकडून मंगलला बघायला आले होते. मुलाचे वडील, पांढरा फेटा बांधलेले अण्णा, आणि शेजारी नव्या शर्टात मुलगा. मंगलच्या चुलत्यानं परस्पर हा दिवस धरला होता.

चुलता मला म्हणाला, "आज शाळा न्हाई तिला."

"शाळा नाही, बोर्डाचा पेपर आहे," मी म्हणालो.

अण्णांनी हातातली बशी खाली ठेवली. "धोंडीबा, आमाला ह्ये सांगितलं न्हाई कुनी."

धोंडीबाची मान खाली. "थोरल्या भावानं दिस धरला. मला उलटं बोलाया जमलं न्हाई."

तेवढ्यात मंगल दारात आली. आत साडी नेसवायला बायका जमल्या होत्या आणि ही शाळेच्या गणवेशात! पाहुण्यांच्या पाया पडली, बापाच्या पाया पडली आणि कंपास, पुस्तक घेऊन सरळ गाडीकडं चालू लागली. चुलता उठला, तसा धोंडीबानं त्याचा हात धरला. धरून ठेवला, बस्स.

अण्णा उभे राहिले. "चला. आमालाबी हीच गाडी हाय."

आता गाडी चालू व्हायला धक्का हवा. परीक्षेच्या पोरी सोडून सगळे उतरले. अण्णांनी फेटा सावरला आणि तेही मागं लागले. म्हणजे बघायला आलेला मुलगा घाम गाळत गाडी ढकलतोय, आणि जिला बघायला आला ती खिडकीत बसून इतिहासाचं पुस्तक वाचतेय!

अण्णांना चौफुल्याला उतरायचं होतं. चौफुला आला. मुलगा उतरला. अण्णा जागचे हलले नाहीत. "तू हो म्होरं," मुलाला म्हणाले, आणि मला, "मास्तर, यवतपत्तुर वाढवा तिकीट."

यवतला मंगल पळत सुटली. मागून अण्णा, काठी टेकत. आम्ही परतीच्या गाडीसाठी थांबलो होतो, तिथून शाळेचं फाटक दिसत होतं. गावोगावच्या पोरी कंपास सावरत आत चालल्या होत्या. अण्णा फाटकाशी उभे राहून त्यांच्याकडं बघत होते. घंटा झाली, फाटक लागलं, तरी उभेच.

मग सावकाश माघारी आले. बबनरावांच्या खिडकीखाली थांबले. फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"सोयरिकीचं जाऊ द्या," म्हणाले. "माझी धाकटी सातवीत हाय. आमचा तालुका तिसराच. तिला हितं यायला पास मिळंल का?"