अब्बांनी समजावलेला वणवा

आज टीव्हीवर वणवा पाहून माझी नात रडायला लागली, म्हणून तिला माझ्या अब्बांची गोष्ट सांगितली.

साठच्या दशकात अब्बा कुवेतला, अहमदीत आगीच्या बंबावर होते. मी सहा वर्षांची, तिथेच त्यांच्याजवळ. रत्नागिरीहून पत्र आलं, दादीच्या घरामागचा डोंगर पेटलाय. मी घाबरले.

अब्बांनी पाण्याची बादली जवळ ठेवून वाळूवर सुकं गवत पसरलं. "जळती विडी पडली की गवत पेटतं, वारा आग पुढे नेतो." मग मधलं गवत काढून काडी लावली. आग त्या रिकाम्या पट्टीपाशी विझली.

"गावकरी हेच करतात, बेटी. दादी सुखरूप आहे."

तसं पत्र महिन्याने आलं. म्हणजे तेव्हा अब्बांना काहीच ठाऊक नव्हतं! हे मला आज उमगलं.

तुम्हाला असा धीर कोणी दिला होता?