पत्त्यांच्या खोलीतला थंडावा

मी क्लबच्या स्वयंपाकघरात गेलो तेव्हा एक्झॉस्ट फॅन उतरवून जमिनीवर ठेवलेला होता. मे महिना होता. भट्टीशेजारी स्वयंपाकीण यशोदाबाई पदराने तोंड पुसत उभ्या होत्या.

"हा का काढला?"

"वीज वाचवून राहिले न, साहेब! दोनदा चक्कर आली मले. तिसऱ्यांदा आली तं घरी चालली जाईन. मग खा म्हणा वाचवलेली वीज."

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. विजेचा तुटवडा होता. सिव्हिल लाइन्समधल्या या क्लबला हुकूम आला होता, की लोड, म्हणजे एका वेळी ओढली जाणारी वीज, पाचव्या हिश्शाने कमी करा. नाहीतर कनेक्शन तुटेल. मी लोड सर्व्हे करणारा इंजिनियर. कार्बनचं नाव तेव्हा कोणी घेत नसे. वीज म्हणजे जळालेला कोळसा, एवढं मला पुरेसं होतं.

क्लबने सात सभासदांची ऊर्जाबचत उपसमिती नेमली होती. तीन बैठकांनंतर तिला तो फॅन आणि संडासातले दोन बल्ब सापडले.

"सभासदांच्या सोयीला हात लावायचा नाही," सेक्रेटरींनी बजावलं. ते मला पत्ते खेळायच्या खोलीत घेऊन गेले. खिडक्या बंद. एका भिंतीत एसी, दुसरीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. दोन्ही चालू.

"आमची काटकसर बघा," ते अभिमानाने म्हणाले. "एसीतून गळणारं पाणी बादलीत धरतो आणि कूलरमध्ये ओततो. थेंब वाया जात नाही."

मी खुर्चीवर बसलो. कूलर हवेत पाणी मिसळून गारवा देतो. त्याला खिडकी उघडी लागते. एसी बंद खोलीतल्या हवेतून पाणी पिळून काढतो. म्हणजे इथे दोन यंत्रं दिवसभर तीच बादली एकमेकांना देत होती.

"दोन्हीपैकी एक बंद करा."

"अहो, वाळ्याच्या वासाशिवाय मेंबरांना करमत नाही. आणि एसी माजी अध्यक्षांनी दिलाय. पितळी पाटी आहे नावाची. ते रोज समोरच बसतात!"

मी तासभर समजावलं. शेवटी म्हणालो, "ठीक. कनेक्शन तुटलं की पाटी मेणबत्तीच्या उजेडात वाचा."

सेक्रेटरी उठून एसीपाशी गेले. मग त्यांनी एसीचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला, दोन खिडक्या उघडल्या आणि पाटी पुसून ठेवायला सांगितलं.

लोड हुकमापेक्षा खाली आला. आठवड्याने माजी अध्यक्ष मला म्हणाले, "सर्व्हिसिंगनंतर आमचा एसी फार सुरेख चालतोय."

यशोदाबाईंचा फॅन परत चढला. त्यासाठी मात्र उपसमितीला चौथी बैठक घ्यावी लागली.

तेव्हापासून कुठल्याही संस्थेत गेलो की आधी देणगीदारांच्या पाट्या वाचतो. मीटर नंतर.