ठकूबाईचं थालीपीठ

उल्काबाईंच्या वर्गात मराठीत कुणी नापास झालं, असं करोल बागेच्या त्या शाळेत कुणी ऐकलं नव्हतं. आणि होणार तरी कसं? दिल्लीत मराठी घेणारं पोर म्हणजे नवसाचं पोर! एखाद्याला कमी मार्क पडले की पुढच्या वर्षी त्याची आई हसत हसत येऊन सांगायची, "बाई, आम्ही संस्कृत घेतोय हं." मग उल्काबाई मार्कांचा हात सैल सोडायच्या. निबंध दोन ओळींचा असला तरी "छान!" लिहायच्या. लग्न होऊन आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या तेव्हापासून एवढा एक वर्ग त्यांनी जिवापाड जपला होता. स्वतःच्या पोराला जपावं तसा.

तरी वर्ग आटतच गेला. शाळेच्या संस्थेचे चिटणीस अण्णासाहेब एक दिवस स्पष्टच म्हणाले, "बाई, कमिटी मराठी बंद करायला बसलीय. गुरुग्रामला शिक्षकांची परिषद आहे, शिक्षणातले खेळ आणि तंत्रज्ञान. तिथे काहीतरी करून दाखवा. मी स्वतः येतो. पोरं शिकतायत असं मला एकदा दिसू दे, मग कमिटीचं मी बघतो."

झालं! ज्या बाईला फोनवर फोटो पाठवताना घाम फुटायचा, ती टॅबवर गेम बनवायला बसली. व्हिडिओ बघून शिकली, रडली, पुन्हा शिकली. गेममध्ये एक ठकूबाई आजी थालीपीठ लावायची आणि ओरडायची, "अगं, उलथनं दे, करपतंय!" आवाज उल्काबाईंचाच. पोरांनी ओट्यावरची नेमकी वस्तू उचलून द्यायची. झारा, किसणी, पळी, सांडशी. चुकलं की थालीपीठ करपायचं आणि डाव संपायचा.

पहिल्याच दिवशी वर्गातल्या निम्म्या पोरांची थालीपिठं करपली. "मॅम, बहुत टफ आहे यार," म्हणून त्यांनी टॅब बाजूला सारले. उल्काबाईंनी घरी जाऊन करपणं काढून टाकलं. दोनदा चुकलं की बरोबर वस्तू आपोआप चमकेल, अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं जिंकली. वर्गात नुसता जल्लोष! अहो, सवयच ती. मार्क वाटणारा हात गेममध्ये तरी आखडणार कसा?

परिषदेत टॅबवर बसली वैभवी, सहावीतली, आर. के. पुरमच्याच कॉलनीतली. पडद्यावर ठकूबाई ओरडली, वैभवीची बोटं भराभरा चालली. टक, टक, चमकलं, दिलं. थालीपिठावर थालीपीठ उतरलं, सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. निवेदिका म्हणाली, "वाह मॅम, बच्चे तो मज़े से सीख रहे हैं!" उल्काबाईंचे डोळे भरून आले. वाचला वर्ग, त्यांना वाटलं.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा पहिल्या रांगेतले अण्णासाहेब उठले. कौतुकानेच उठले होते बिचारे. म्हणाले, "शाब्बास पोरी! आता टॅब ठेव खाली आणि मला सांग, उलथनं म्हणजे काय गं?"

वैभवीने उल्काबाईंकडे बघितलं. उल्काबाईंनी हवेतच हात उलटा करून दाखवला. पोरगी गोंधळली. मग एकदम आठवल्यासारखी हसून म्हणाली, "जे चमकतं, ते!"

सभागृहाला वाटलं, पोरीने जिंकून दिलं. परत टाळ्या. अण्णासाहेब मात्र मटकन खाली बसले.

बाहेर चहाच्या टेबलाशी उल्काबाईंनी त्यांना गाठलं. "अण्णासाहेब, एक वर्ष द्या. मी ते चमकणं काढते. परत करपू देते. हात जोडते तुमच्यापुढे." आजूबाजूचे लोक बघायला लागले, पण बाईंना आता कसली लाज!

"मीच लावून धरलं होतं हो," अण्णासाहेब म्हणाले. "कमिटीला आता कुठल्या तोंडाने सांगू? चूक पोरीची नाही, बाई. पण मला जे बघायचं होतं, ते मी बघितलं." त्यांनी चहा तसाच ठेवला आणि ते निघून गेले.

परतीच्या मेट्रोत वैभवी परिषदेत मिळालेला बिल्ला छातीवर लावून बसली होती. उल्काबाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. काय केलं हे मी, काय केलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. पोरगी जवळ सरकली.

"मॅम, अण्णा अंकल नाराज झाले का? मी बरोबर सांगितलं ना?"

उल्काबाईंनी पदराने डोळे पुसले. आता तरी सांगावं पोरीला, उलथनं म्हणजे काय ते. तोंड उघडलंही त्यांनी. पण पोरीचा चेहरा पडायला आला होता, आणि तो त्यांना आजवर कधी बघवलाच नव्हता.

"अगदी बरोबर सांगितलंस," त्या म्हणाल्या. "पैकीच्या पैकी."